सीरवईंची सतरा वर्षे आणि महाधिवक्त्यांची खुर्ची : राज्य शासनास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि विधी व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई

महोदय,

होरमसजी माणेकजी सीरवई १९५७ पासून १९७४ पर्यंत सलग सतरा वर्षे या राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे शासनाला कायद्याचा सल्ला देणारे सर्वोच्च विधी अधिकारी होते. २०१४ च्या अखेरीपासून २०१७ च्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम अडीच वर्षांत, त्याच खुर्चीचा कारभार चार जणांच्या हातून गेला, आणि त्यातला काही काळ तर हंगामी होता. हे चौघे वकील कमी कुवतीचे होते, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. खुर्ची इतक्या भराभर रिकामी होते तेव्हा शासनाचे नेमके काय बिघडते आणि सतरा वर्षे एक माणूस बसला तेव्हा काय जमले होते, हे कागदोपत्री आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहोत. आमच्यापैकी काही जण उच्च न्यायालयात शासनाच्या बाजूने उभे राहतात, काही शासनाच्या विरुद्ध. या मुद्द्यावर मात्र आमच्यात दुमत नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. सीरवईंच्या सतरा वर्षांत यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, कन्नमवारांच्या निधनानंतर थोडे दिवस पी. के. सावंत आणि पुढे वसंतराव नाईक असे मुख्यमंत्री बदलले, पण सत्तेतला पक्ष बदलला नाही. त्यामुळे ते टिकले, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. तरीही त्या काळात द्वैभाषिक मुंबई राज्य मोडून १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, मंत्रिमंडळे आली-गेली, राज्यपाल बदलले, आणि कायद्याचा सल्ला देणारा माणूस तोच राहिला. बदलत्या सत्तेतही हे जमवता येईल, ते कसे, हे पुढे लिहिले आहे.

सीरवईंचा जन्म ५ डिसेंबर १९०६ चा, मुंबईच्या पारशी कुटुंबातला. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान घेतले, मग शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतली आणि सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमध्ये दाखल झाले. कांगा स्वतः मुंबई इलाख्याचे ॲडव्होकेट जनरल, म्हणजे महाधिवक्ता राहिलेले. त्याच चेंबरमध्ये पुढे नानी पालखीवाला आले. देशातल्या सर्वांत मोठ्या घटनात्मक खटल्यात एकाच चेंबरचे हे दोन वकील एकमेकांसमोर उभे राहिले. त्याकडे येऊच.

पद काय आहे आणि काय नाही, हे आधी स्पष्ट केलेले बरे, कारण मंत्रालयातही याबाबत घोळ दिसतो. संविधानाच्या अनुच्छेद १६५ प्रमाणे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीला राज्यपाल महाधिवक्ता नेमतात. कायदेविषयक बाबींवर शासनाला सल्ला देणे आणि सोपवलेली कायद्याची कामे करणे हे त्यांचे कर्तव्य. राज्यपालांची मर्जी असेतोवर ते पदावर राहतात. अनुच्छेद १७७ प्रमाणे त्यांना विधानसभेत आणि विधान परिषदेत बोलता येते, मत देता येत नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३ नुसार ते बार कौन्सिलचे पदसिद्ध सदस्य असतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली सार्वजनिक उपद्रवाबद्दल त्यांना दावा लावता येतो. धर्मादाय संस्थांसाठीचे कलम ९२ आपल्याकडे लागू नाही. ते काम सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय आयुक्तांकडे दिले आहे. ही यादी एवढ्यासाठी दिली, की महाधिवक्ता म्हणजे मोठ्या केसला उभा करायचा शासनाचा महागडा वकील, ही समजूत पुसली जावी. यांतले एकही काम कोणा पक्षाचे नाही.

आता सीरवईंच्या कामातले एक प्रकरण जवळून पाहू. ११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नौदल अधिकारी कावस नानावटी यांना खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले होते. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले होते. शिक्षा झाली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी अनुच्छेद १६१ खाली आदेश काढला : सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित, आणि तोवर नानावटी नौदलाच्या कोठडीत, आयएनएस कुंजालीवर राहतील. अटकेचे वॉरंट निघाले, आणि राज्यपालांच्या आदेशामुळे बजावता येत नाही असा शेरा घेऊन परत आले. न्यायालयाचा आदेश एकीकडे, राज्यपालांचा दुसरीकडे. उच्च न्यायालयाने पाच न्यायमूर्तींचे विशेष पीठ बसवले.

राज्यपालांची बाजू सीरवईंनी मांडली आणि उच्च न्यायालयात ती टिकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे प्रश्न अगदी बारीक होता. अपिलाची परवानगी मागणाऱ्याने आधी शिक्षेच्या अधीन व्हावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा नियम होता. नानावटींनी त्यातून सूट मागितली, कारण ते राज्यपालांच्या आदेशानुसार नौदलाच्या ताब्यात होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या हाती असताना शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार राज्यपाल वापरू शकतात का? ५ सप्टेंबर १९६० रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने उत्तर आले : नाही. अपील न्यायप्रविष्ट असताना तो अधिकार न्यायालयाचा. न्या. कपूर यांचे मत वेगळे पडले.

म्हणजे शासन हरले. तरीही हेच प्रकरण आम्ही निवडले, कारण महाधिवक्त्याच्या कामाची घडी यात उलगडून दिसते. सल्ला निर्णयाआधी द्यायचा असतो, युक्तिवाद निर्णयानंतर करायचा असतो, आणि ही दोन वेगळी कामे आहेत. आदेश निघून गेल्यावर महाधिवक्त्याला त्याची सर्वांत भक्कम बाजू शोधावी लागते. ती मांडताना प्रश्नाची हद्द नीट आखली गेली, म्हणून अनुच्छेद १६१ (राज्यपालांचा शिक्षा माफ वा स्थगित करण्याचा अधिकार) आणि अनुच्छेद १४२ (पूर्ण न्यायासाठी आदेश देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार) यांची सीमा कायमची ठरली. आज वर्तमानपत्रांत गाजणाऱ्या आदेशांवर शासनाचा वकील पहिल्या तारखेला ‘सूचना घेतो’ म्हणून वेळ मागतो, तेव्हा ही हद्द कोणी आखलेलीच नसते.

दुसरे प्रकरण उत्तर प्रदेशातले. १४ मार्च १९६४ रोजी तिथल्या विधानसभेने गोरखपूरच्या केशव सिंग यांना अवमानाबद्दल सात दिवसांचा कारावास दिला. १९ मार्चला लखनौ पीठाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यांना जामीन दिला. २१ मार्चला सभागृहाने त्या दोन न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन हजर करण्याचा ठराव केला! अलाहाबाद उच्च न्यायालयाचे अठ्ठावीस न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी ठरावाची अंमलबजावणी थांबवली. राष्ट्रपतींनी २६ मार्चला प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे अभिप्रायासाठी पाठवला. उत्तर प्रदेश विधानसभेने आपली बाजू मांडण्यासाठी सीरवईंना, म्हणजे महाराष्ट्राच्या महाधिवक्त्यांना बोलावले. समोर न्यायमूर्तींच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड.

सीरवईंनी उभे राहताच सांगितले, की सभागृहातर्फे मी हजर आहे, पण याचा अर्थ सभागृहाने आपल्या अधिकारांपुरते न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केले असा घेऊ नये. पहिल्या पाच मिनिटांत बोलायचे हे वाक्य. ते राहून गेले असते, तर नंतर कितीही दिवस बोलून भरून आले नसते. ३० सप्टेंबर १९६४ रोजी सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा अभिप्राय दिला, तो विधानसभेच्या विरोधात गेला. सीरवईंना तो पटला नाही, आणि आपल्या ग्रंथात त्यांनी त्यावर कठोर टीका केली. पदावर असताना, त्याच न्यायालयासमोर रोज उभे राहत असताना केली. शासनाने त्यांना त्याबद्दल हटवले नाही, हेही त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या खात्यावर जमा केले पाहिजे.

तो ग्रंथ म्हणजे ‘कॉन्स्टिट्यूशनल लॉ ऑफ इंडिया’. पहिली आवृत्ती १९६७ ची, म्हणजे महाधिवक्तापदाची दहा वर्षे झाल्यावरची. शेवटची, चौथी आवृत्ती तीन खंडांत आली, तिसरा खंड १९९६ चा. आणि २६ जानेवारी १९९६ ला सीरवई गेले. आजही उच्च न्यायालयात संविधानाचा प्रश्न निघाला की या खंडांची पाने उलटली जातात. दिवसा न्यायालयात ज्या प्रश्नांशी झुंजायचे, तेच प्रश्न पानापानावर सोडवत गेले, असा हा ग्रंथ आहे. सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाकडून हे होत नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. पदावरचा काळ लांबला की अनुभवाचे ज्ञान होते. आणि ते ज्ञान पुन्हा शासनाच्याच कामी येते, कारण पुढच्या प्रकरणात तोच माणूस उभा असतो.

केशवानंद भारती खटल्यात ते केरळ राज्यातर्फे उभे राहिले. तेरा न्यायमूर्ती, ३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३ या काळात अडुसष्ट दिवस सुनावणी, २४ एप्रिल १९७३ ला निकाल, सात विरुद्ध सहा. पालखीवाला याचिकाकर्ते मठाधिपती केशवानंद भारती यांच्या बाजूने. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही, ही बाजू सीरवईंनी मांडली, आणि ‘मूलभूत चौकटी’च्या सिद्धान्तापुढे (संविधानाचा गाभा दुरुस्ती करूनही मोडता येत नाही) ती हरली. पुढे आणीबाणी आली. सीरवईंनी ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत आपले मत बदलले आणि मूलभूत चौकटीचा सिद्धान्त बरोबर आहे असे लिहिले. २८ एप्रिल १९७६ चा हेबियस कॉर्पसचा निकाल, ज्याने आणीबाणीत अटकेतल्या माणसाला न्यायालयाचे दार बंद केले, त्यावर त्यांनी सविस्तर टीका लिहून प्रसिद्ध केली. त्यांना १९७२ मध्ये पद्मविभूषण मिळाले होते, देशाचे महान्यायवादी होण्याची विचारणाही झाली होती आणि त्यांनी ती नाकारली होती. ज्या माणसाने भर कोर्टात एक बाजू मांडली, त्याने नंतर लिहून सांगितले की ती चूक होती. आपल्याला सल्ला देणारा माणूस असा असावा, असे कोणत्याही शासनाला वाटायला हवे. होकार भरणारा माणूस स्वस्त पडतो, पण त्याची किंमत निकालात मोजावी लागते.

आता आजच्या कार्यपद्धतीकडे वळू. येथे आम्हाला थोडे रेंगाळावे लागेल, कारण रोग तपशिलात आहे.

रिट याचिकेची प्रत सरकारी वकिलांच्या कार्यालयात येते. तिथून ती संबंधित प्रशासकीय विभागाकडे, विभागाकडून आयुक्तालयात आणि तिथून जिल्ह्याच्या कार्यालयात उतरते, कारण मूळ कागद तिथे असतात. जिल्ह्यातून परिच्छेदनिहाय अभिप्राय वर चढतात. ते कसे असतात? ‘परिच्छेद ३ : हा अभिलेखाचा भाग असल्याने भाष्य नाही. परिच्छेद ४ : मान्य नाही. परिच्छेद ५ : याचिकाकर्त्याने पुराव्यानिशी सिद्ध करावे.’ मान्य का नाही, कोणत्या कागदाच्या आधारे नाही, याचा पत्ता नसतो. त्यावरून सहायक सरकारी वकील सुनावणीच्या आदल्या रात्री प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार करतो. शपथ घेणारा कक्ष अधिकारी महिन्यापूर्वी बदलून आलेला असतो आणि त्याने मूळ नस्ती, म्हणजे फाइल, पाहिलेली नसते. बोर्डावर प्रकरण निघते, न्यायालय एक साधा प्रश्न विचारते, आणि उत्तर कोणाकडेच नसते. महाधिवक्त्यांना बोलावणे होते ते इथे, म्हणजे सगळे बिघडल्यावर.

खरे तर दाव्यांत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस दोन महिने आधी मिळालेली असते. दिवाणी दाव्याआधीची ही नोटीस शासनाला विचार करायला वेळ मिळावा म्हणूनच आहे. सर्वोच्च न्यायालयाने सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात नोंदवले आहे, की बहुतेक नोटिसांना उत्तरच जात नाही, किंवा गेले तर मोघम जाते. आणि प्रत्येक शासनाने यासाठी जबाबदार अधिकारी नेमावा. तो अधिकारी कागदावर नेमला जातो, पण त्याच्या टेबलावर नोटिसांची नोंदवही नसते. नोटीस आली त्या दिवशी नोंद, सात दिवसांत मूळ नस्ती मागवणे, तीस दिवसांत कायदेशीर मत, पंचेचाळीस दिवसांत सही केलेले उत्तर : इतके झाले तरी दाव्यांचा मोठा भाग दाव्याआधीच मिटेल.

मग मुदतीचा प्रश्न. उच्च न्यायालयातल्या एकल न्यायमूर्तींच्या निकालावर तिथेच अपील करायला तीस दिवस. सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेला नव्वद दिवस. प्रमाणित नकल मिळायला लागलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १२ खाली वजा होतो, पण तो नकलेचा अर्ज केल्यापासून नकल तयार होईपर्यंतचा. अर्जच विसाव्या दिवशी केला तर ते वीस दिवस गेले ते गेले. त्यानंतर सरकारी वकिलांचा अभिप्राय, विभागाची टिप्पणी, विधी विभागाची संमती, मंत्र्यांची सही, आणि मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर. या शेवटच्या टप्प्याचा हिशोब कोणीच धरत नाही. फेरफार, पंचनामे, ग्रामसभेचे ठराव हे सगळे मराठीत असते, दिल्लीला ते इंग्रजीतच लागते, आणि भाषांतर सुरू होते ते मंत्र्यांच्या सहीनंतर. ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायला हवे, अपील करायचे ठरो वा न ठरो. पोस्ट खात्याच्या ४२७ दिवसांच्या विलंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बजावले, की नस्ती टेबलाटेबलांवर फिरत होती हे कारण यापुढे चालणार नाही, शासनाला वेगळी सवलत नाही. त्यानंतरही आपल्या विलंबमाफीच्या अर्जांत तेच कारण, त्याच शब्दांत येत राहते. महाधिवक्ता जुना आणि मुरलेला असेल, तर असा अर्ज त्याच्या टेबलावरून पुढे जाणार नाही. तो अपील मागे घ्यायला सांगेल. नव्याला ते सांगायचे धाडस होत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

पद रिकामे राहिले, किंवा हंगामी हाती राहिले, तर काय होते याचे एकच उदाहरण देतो. न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची तक्रार खासगी व्यक्तीला परस्पर दाखल करता येत नाही. १९७१ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते. कलम २० प्रमाणे अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते. खुर्ची तीन महिने रिकामी राहिली तर अर्जदाराच्या वर्षातले तीन महिने कापले जातात, आणि त्यात त्याची काहीही चूक नसते. हंगामी माणसाने संमती दिली तर समोरचा पक्ष पहिला आक्षेप घेतो : अनुच्छेद १६५ मध्ये हंगामी महाधिवक्ता आहे कुठे? मुख्य न्यायमूर्तींसाठी अनुच्छेद २२३ मध्ये हंगामी नेमणुकीची सोय लिहिली आहे, महाधिवक्त्यांसाठी नाही. हा वाद शासनाने स्वतःच्या हाताने ओढवून घ्यायचा असतो का?

दिवाणी संहितेच्या आदेश २७-अ चेही असेच. राज्याच्या कायद्याच्या घटनात्मकतेचा महत्त्वाचा प्रश्न दाव्यात निघाला, तर महाधिवक्त्यांना नोटीस दिल्याशिवाय न्यायालयाला तो ठरवता येत नाही. ही नोटीस जिल्हा न्यायालयातून येते, बहुधा याचिकेची प्रत न जोडता येते, आणि कार्यालयात ती वेगळ्या नोंदवहीत घेतली जात नाही. परिणामी राज्याचा कायदा कुठेतरी तालुक्याच्या गावी तपासला जातो आणि राज्याला त्याचा सुगावा निकालानंतर लागतो.

शिवाय आता पसारा वाढला आहे. सीरवईंना मुंबई आणि नागपूर सांभाळावे लागे. आज छत्रपती संभाजीनगर आहे, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंचही आहे. (गोव्याला स्वतःचे महाधिवक्ता आहेत, तो भार आपल्यावर नाही.) एकाच शासन निर्णयावर नागपुरात एक भूमिका आणि मुंबईत दुसरी घेतली गेली, की याचिकाकर्त्याचा वकील दोन्ही प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवतो आणि शासनाचे प्रकरण तिथेच संपते. चार ठिकाणी एक आवाज ठेवायचा तर तो आवाज वर्षभरात बदलता कामा नये.

वयाचा अडसर काढता येणार नाही, कारण तो नाहीच. १९५२ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाने कारकरे विरुद्ध शेवडे या प्रकरणात ठरवले, की न्यायाधीशांच्या निवृत्तीचे वय महाधिवक्त्यांना लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये उत्तराखंडच्या प्रकरणात तेच कायम केले. सीरवई पद सोडताना सदुसष्ट-अडुसष्टीच्या घरात होते. तेव्हा अनुभवी माणूस वयामुळे मिळत नाही, ही सबब कोणी पुढे करू नये.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हे पद लोक निवडणुकीने भरतात. मिशिगनमध्ये फ्रँक केली यांची डिसेंबर १९६१ मध्ये नेमणूक झाली, नंतर ते दहा वेळा निवडून आले आणि १९९८ च्या अखेरीपर्यंत पदावर राहिले. तिथे गव्हर्नर कोणत्या पक्षाचा आहे यावर त्यांची खुर्ची अवलंबून नव्हती. ती पद्धत आपल्याकडे आणा, असे आम्ही म्हणत नाही. निवडणूक लढवणारा वकील सल्ला देताना मतदारांकडे पाहणार, हा धोका आहेच. आपल्याकडे मर्जीचे कलम आहे. पण मर्जी रोज वापरलीच पाहिजे, असे संविधानात कुठेही लिहिलेले नाही.

म्हणून आमचे मागणे असे. नेमणुकीच्या आदेशातच किमान पाच वर्षांचा मानस नोंदवावा, आणि मुदतीआधी बदल करायचा तर मंत्रिमंडळाच्या टिप्पणीत कारण लिहावे. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, शासन निर्णय पुरतो. सरकार बदलले की महाधिवक्त्यांनी राजीनामा द्यायचा, हा प्रघात आहे, कायदा नाही. नव्या सरकारने तो राजीनामा स्वीकारण्याआधी निदान सहा महिने थांबावे, म्हणजे चालू प्रकरणे मधेच तुटणार नाहीत. पद रिकामे होणार हे कळल्यापासून तीस दिवसांत नवी नेमणूक व्हावी, आणि जुन्या महाधिवक्त्यांनी नव्यांना प्रलंबित घटनात्मक प्रकरणांची यादी लेखी सोपवावी : प्रकरण क्रमांक, पीठ, आतापर्यंत घेतलेली भूमिका, दिलेली आश्वासने, पुढची तारीख. दिलेली आश्वासने हा रकाना विसरू नये. न्यायालयात तोंडी दिलेले आश्वासन नव्या माणसाला माहीत नसते, ते मोडले जाते, आणि अवमानाची नोटीस सचिवांच्या नावाने निघते.

अभिप्राय मागण्याची पद्धतही बदलावी. आज नस्तीच्या शेवटच्या पानावर एक ओळ असते : ‘तरी याबाबत आपले अभिप्राय देण्यात यावेत, ही विनंती.’ कशाबद्दल, हे महाधिवक्त्यांनी दोनशे पाने चाळून शोधायचे. त्याऐवजी एक पानी प्रश्नपत्र असावे. तारीखवार घटना; विचारायचा नेमका प्रश्न, एक किंवा दोन; विभागाला काय करावेसे वाटते; विभागाच्या विरोधात जाणारा निकाल कोणता; उत्तर कधीपर्यंत हवे आणि का. विरोधात जाणारा निकाल लिहिणे विभागाला जड जाते. पण तो दडवून मिळवलेला अभिप्राय न्यायालयात पहिल्याच दिवशी उघडा पडतो. आणि महाधिवक्त्यांचे मत विभागाला नकोसे असले, तर ते न मानण्याचे कारण नस्तीवर लिहावे. मत नस्तीतून काढून टाकू नये.

शेवटची मागणी जुन्या कागदांची. महाधिवक्त्यांनी दिलेल्या अभिप्रायांची एक सलग सूची करावी : क्रमांक, तारीख, विभाग, विषय, कायद्याचे कलम. चालू प्रकरणांतला मजकूर गोपनीय राहू द्या, सूची तरी असू द्या, म्हणजे १९९० मध्ये दिलेले मत २०२६ मध्ये पुन्हा विचारले जाणार नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षे उलटलेल्या बाबींवर गोपनीयतेचे बहुतेक अपवाद तसेही गळून पडतात. सीरवईंच्या कारकिर्दीला तर पन्नास वर्षे होऊन गेली. १९५७ ते १९७४ या काळातले त्यांचे जे अभिप्राय शासनाच्या नस्त्यांमध्ये असतील, ते विभागवार शोधून महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा, २००५ खाली पुराभिलेख संचालनालयाकडे द्यावेत. कुळकायद्यातील १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतरची (त्या दिवशी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली) प्रकरणे, १९६१ चा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा, जिल्हा परिषदांची उभारणी, सहकार कायदा, हे सगळे त्या वर्षांत घडले. राज्याने त्या वेळी कायद्याचा विचार कसा केला, हे विद्यार्थ्यांना आणि वकिलांना मूळ कागदांतून वाचता यायला हवे. संचालनालयाचा मुंबईतला अभिलेखसाठा एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. सीरवई तत्त्वज्ञान शिकले ते याच कॉलेजात, आणि मंत्रालयापासून ती इमारत पायी जाण्याच्या अंतरावर आहे. नस्त्या शोधायला माणसे लागतील; विधी महाविद्यालयांतले विद्यार्थी या कामासाठी मिळतील, फक्त त्यांना आत येण्याचे परवानापत्र आणि सोबत एक कक्ष अधिकारी द्यावा.

आपले,
मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्व पीठांसमोर काम करणारे काही वकील